पॅरिसमधलं एक मोठं जेवण पुण्यात बसून कसं ठरवायचं

सहलीच्या वहीत विमान, हॉटेल, विमा, लूव्र संग्रहालयाची वेळ हे सगळं तीन महिने आधी लिहिलेलं असतं. जेवणाच्या रकान्यात मात्र 'तिथं गेल्यावर बघू'. रोजच्या जेवणाला ते चालतं. क्रेप, फलाफल आणि बॅगेतले ठेपले यांवर पॅरिसमध्ये आठवडा आरामात निघतो. पण नामांकित शेफच्या हातचं, तीन-साडेतीन तास चालणारं जेवण एकदा तरी जेवायचं असेल, तर 'तिथं गेल्यावर' फार उशीर झालेला असतो. चांगली टेबलं केव्हाच गेलेली असतात. उरतात त्या आयफेल टॉवरच्या आसपासच्या, सहा भाषांतलं लॅमिनेट केलेलं मेन्यूकार्ड रस्त्यावर उभं केलेल्या जागा.

पहिल्यांदाच अशा जेवणाला जाणाऱ्यांसाठी हे लिहितेय. उदाहरण पॅरिसचं, कारण ते मला सगळ्यात जास्त माहीत आहे आणि आपल्याकडच्या युरोप सहलींत ते हमखास असतं. टोकियो, दुबई, लंडनला काय बदलतं ते ओघात येईलच. मी स्वतः मासे-कोंबडी खाते, पण सहलीला बरोबर आई असते आणि आईला अंडंसुद्धा चालत नाही. त्यामुळे जगात पहिला नंबर कुणाचा, यापेक्षा आईसाठी रांधायची हौस कुठल्या स्वयंपाकघराला आहे, हे मी आधी बघते.

यादी उघडण्याआधी

एका कागदावर चार गोष्टी लिहा: माणसं किती, कुणाला काय चालत नाही, सलग किती वेळ बसवतं आणि माणशी किती पैसे.

पैशांचा अंदाज असा. पॅरिसमध्ये एक मिशेलिन स्टार (खाण्याच्या दर्जाची नावाजलेली खूण, तिच्याबद्दल पुढे) असलेल्या बऱ्याच ठिकाणी दुपारचा ठरीव मेन्यू साधारण 50 ते 100 युरोत मिळतो. तीन स्टारच्या ठिकाणी रात्री बसलात तर माणशी साडेतीनशे-चारशे युरोच्या पुढेच जायची तयारी ठेवा, आणि पेयं वेगळी. युरो शंभर रुपयांच्या वर धरूनच हिशोब करा. आकडा घरच्या सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलून दाखवा. टेबलावर बसल्यावर 'एवढ्यात आपलं महिन्याचं वाणसामान आलं असतं' असं कुणीतरी म्हणालं, की पुढचे सहा कोर्स कुणाच्याच घशाखाली उतरत नाहीत.

बसण्याचं म्हणाल, तर टेस्टिंग मेन्यू म्हणजे सात-आठ, कधी बारा छोटे पदार्थ एकामागून एक, प्रत्येकाच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं. पंगतीची सवय असलेल्याला हे अवघड जातं, कारण पंगतीत सगळं समोर येतं आणि कशात काय कालवायचं ते आपण ठरवतो. इथं क्रम स्वयंपाकघराचा. लहान मुलं, गुडघे दुखणारे आजोबा किंवा 'लवकर आटपा, बस सुटेल' म्हणणारा टूर मॅनेजर बरोबर असेल तर टेस्टिंग मेन्यू नको. तीन कोर्सचं दुपारचं जेवण घ्या. बऱ्याच मोठ्या ठिकाणी दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत किंवा त्यांच्यासाठी वेगळं काही करत नाहीत, ते आधी विचारा.

आणि आठवड्याच्या सहलीत असं जेवण एकच. दोन दिवसांत दोन घेतली, तर दुसऱ्याची फक्त बिलं लक्षात राहतात.

दुपार की रात्र, हे घड्याळ ठरवतं

ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. उन्हाळ्यात पॅरिस आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. तिथं रात्री आठला जेवायला बसलात, तर तुमच्या पोटाच्या घड्याळात साडेअकरा झालेले असतात आणि शेवटची गोड वाटी येते तेव्हा पहाटेचे तीन. पहिल्या वेळी आई चौथ्या कोर्सला बसल्या बसल्या झोपली होती. दुपारी साडेबाराचं टेबल घेतलंत तर पोट म्हणतं चार वाजलेत, सणसणून भूक लागलीय.

त्यातून दुपार स्वस्त. बऱ्याच ठिकाणी शेफ तोच, स्वयंपाकघर तेच, आणि किंमत रात्रीच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून पॅरिसमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे मिटून दुपार सांगते, तीही उतरल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशीची. टोकियोला गणित उलटं. ते आपल्यापुढे साडेतीन तास. तिथं दुपारी बाराला बसलात तर शरीराच्या मते सकाळचे साडेआठ, चहा-पोह्यांची वेळ. संध्याकाळी सहाचं टेबल म्हणजे आपले अडीच. तिकडे संध्याकाळ घ्या.

वार मात्र आधी पाहा. पॅरिसमधली कित्येक उत्तम ठिकाणं शनिवार-रविवार किंवा रविवार-सोमवार बंद असतात, आणि ऑगस्टमध्ये तर दोन-तीन आठवडे कुलूप लावून सगळी मंडळी सुट्टीवर जातात. आपल्याकडे शनिवार-रविवार हॉटेलं ओसंडून वाहतात, त्यामुळे हे डोक्यातच येत नाही.

स्टार म्हणजे काय आणि काय नाही

मिशेलिन ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी. 1900 मध्ये तिनं मोटारवाल्यांसाठी एक छोटी मार्गदर्शिका काढली. लोकांनी गाड्या जास्त पळवाव्यात, टायर झिजावेत, एवढाच साधा हिशोब. 1926 मध्ये चांगल्या खाण्याच्या जागांना स्टार द्यायला सुरुवात झाली आणि 1931 मध्ये दोन-तीन स्टारांची उतरंड आली. तिचे अर्थ आजही प्रवासाच्याच भाषेत आहेत: एक स्टार म्हणजे वाटेत असेल तर थांबा, दोन म्हणजे वाट वाकडी करून जा, तीन म्हणजे खास त्याच्यासाठी प्रवास करा. नवख्यानं हे शब्दशः घ्यावं. एका स्टारचा अर्थ 'बरं आहे' असा नव्हे. फार चांगलं आहे असा. पहिल्या अनुभवाला एक स्टार पुरेसा असतो, किंबहुना जास्त सुखाचा. तीन स्टारच्या जागी चांदीच्या सुऱ्या आणि मागे उभे राहणारे चार जण पाहून आपण ताठ बसतो आणि चवीकडे लक्षच राहत नाही.

स्टार देताना पाच गोष्टी पाहतात: जिन्नस कसे, तंत्रावर हुकमत किती, चवींचा मेळ, पदार्थात शेफचं स्वतःचं काही आहे का, आणि सगळ्या पदार्थांत, दर खेपेला तोच दर्जा टिकतो का. झुंबर, खिडकीतला देखावा, वाढप्याचं हसणं यांचे गुण त्यात नाहीत. जागेच्या थाटामाटासाठी काटा-चमच्यांची वेगळी खूण असायची. तेव्हा 'स्टार आहे पण जागा साधी' ही तक्रार होऊच शकत नाही. 2016 मध्ये सिंगापूरमधल्या दोन टपऱ्यांना स्टार मिळाला होता आणि बँकॉकच्या पहिल्या मिशेलिन यादीत जय फाय या रस्त्यावरच्या खानावळीचं नाव होतं. तिथली बाई डोळ्यांना गॉगल लावून कोळशावर खेकड्याचं ऑम्लेट करते.

आपल्याकडे घोटाळा होतो तो 'मिशेलिन स्टार शेफ' या शब्दांनी. स्टार शेफला मिळत नाही, रेस्टॉरंटला मिळतो, आणि दरवर्षी पुन्हा तपासला जातो. शेफ सोडून गेला की स्टार त्याच्या पिशवीत जात नाही. भारतात मिशेलिनची रेस्टॉरंटांची यादीच निघत नाही, त्यामुळे 'मुंबईतलं मिशेलिन स्टार हॉटेल' अशी जाहिरात दिसली तर पुढे सरका.

स्टार जातातही. लिऑंजवळचं पॉल बोक्यूज यांचं रेस्टॉरंट 1965 पासून तीन स्टारवर होतं. शेफच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 2020 मध्ये, त्यातला एक गेला. पॅरिसमधलं ला तूर दारझाँ सहलींच्या पुस्तकांत आजही 'जगप्रसिद्ध' म्हणून असतं. सेन नदीकाठची खिडकी, नोत्र-दामचा देखावा, 1890 पासून प्रत्येकाला क्रमांक देऊन वाढली जाणारी बदकं. तेही एके काळी तीन स्टारचं होतं. 1996 मध्ये दोनवर आणि 2006 मध्ये एकावर आलं. देखाव्यासाठी खुशाल जा, पण प्रसिद्धी आणि आजचं जेवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं धरून. कुठल्याही ब्लॉगमधला स्टारचा आकडा त्याच वर्षीच्या मिशेलिनच्या साइटवर ताडून पाहा. फ्रान्सची नवी यादी साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते.

खरी दुभती गाय मात्र दुसरीच आहे: बिब गुरमाँ. स्टार नाही, पण वाजवी किमतीत उत्तम जेवण, अशी मिशेलिनची खूण. कंपनीच्या त्या गुबगुबीत टायरमाणसाचं तोंड आणि बाहेर काढलेली जीभ. 1997 पासून ही यादी निघते. मोठं जेवण एक, बाकीच्या दिवशी बिब गुरमाँची एखाद-दोन, असा बेत केलात तर पॅरिस खिशालाही झेपतं.

बाकीच्या याद्या

'जगातली 50 सर्वोत्तम' ही यादी 2002 पासून निघते आणि ती मिशेलिनसारखे निरीक्षक नाही, तर शेफ, पत्रकार, खवय्ये अशी हजारभर मंडळी मतदानानं ठरवतात. तिथं नवं, चमचमतं, चर्चेतलं वर येतं. एकदा पहिलं आलेलं रेस्टॉरंट पुन्हा उमेदवार नसतं, त्यामुळे यादीत ते नाही म्हणजे घसरलं असं समजू नका. फ्रान्समध्ये गो-मियो हे मार्गदर्शक पुस्तक 20 पैकी गुण देतं आणि शेफच्या टोप्या मोजतं, शाळेच्या मास्तरांसारखं. अशाच मार्गदर्शिका स्पेनमध्ये रेप्सोलची, तिचे सूर्य आहेत, आणि इटलीत गाम्बेरो रोस्सोची, तिचे काटे.

या याद्या एकमेकींशी किती भांडतात त्याचं उदाहरण गी साव्वा. पॅरिसच्या जुन्या टांकसाळीतलं हे रेस्टॉरंट 2022 च्या शेवटी 'ला लिस्त' या फ्रेंच यादीत जगात पहिल्या स्थानी होतं आणि दोन-तीन महिन्यांत, 2023 च्या मिशेलिनमध्ये, त्याचा तिसरा स्टार गेला. स्वयंपाकघर तेच. म्हणून माझा नियम: जागा दोन वेगळ्या स्वभावाच्या याद्यांत सापडली तर पुढे बघायची. एकीत पहिली आणि दुसरीत नावच नाही, असं असेल तर थांबायचं.

गूगलवरचे तारे मी उलटे वाचते. पाच तारेवाले 'अप्रतिम' म्हणून थांबतात, एक तारावाल्यांना टेबल मिळालेलं नसतं. तीन तारेवाले काय आवडलं नाही ते नीट सांगतात, आणि बहुधा कुणीतरी मेन्यूचा किंवा बिलाचा फोटो टाकलेला असतो. तो सोन्यासारखा. जपानमध्ये स्थानिक लोक ताबेलॉग ही साइट पाहतात आणि तिथले लोक गुण द्यायला महाचिकट. तिथं पाचपैकी साडेतीन म्हणजे चांगलंच, चारच्या वर तर क्वचित. आपल्या ॲपच्या सवयीनं साडेतीनला नाक मुरडलंत तर टोकियोतली उत्तमोत्तम दारं स्वतःच बंद कराल.

मेन्यू वाचताना

चार-पाच नावं उरली की प्रत्येकाच्या साइटवरचा मेन्यू उघडा. फ्रान्समध्ये किमतींसह मेन्यू दाराबाहेर लावणं बंधनकारक आहे, तेव्हा पॅरिसमध्ये असताना संध्याकाळी फिरत फिरत दारावर जाऊनही वाचता येतो. शब्द फसवतात. 'मेन्यू' म्हणजे ठरीव किमतीचं ठरीव जेवण. सुटे पदार्थ निवडायचे असतील तर ते 'कार्त'मध्ये. 'आँत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, अमेरिकेतल्यासारखा मुख्य नव्हे. पदार्थापुढे 'स्युप्लेमाँ' आणि एक आकडा दिसला तर तेवढे युरो वर द्यायचे. ट्रफल, कॅव्हियार, कधी चीजची गाडी यांच्यापुढे तो हटकून असतो.

मेन्यू ऋतूप्रमाणे बदलतो का तेही पाहा. एप्रिल-मेमध्ये पांढरा ॲस्पॅरगस, शरदात जंगली अळंबी असं दिसलं तर स्वयंपाकघर बाजाराकडे बघून रांधतंय. बारा महिने तीच स्ट्रॉबेरी असेल तर ते मेन्यू छापणाऱ्याचं ऐकतंय.

शाकाहारी असाल तर इथे थांबा

पाचपैकी तीन मराठी कुटुंबांचं सगळं इथं अडतं, असा माझा अंदाज. शाकाहारी माणसाला फ्रान्समध्ये उपाशी राहावं लागतं ही समजूत आता जुनी झाली. पण 'व्हेजिटेरियन' या शब्दावर विसंबणंही धोक्याचं.

कोपनहेगनच्या गेरानियमनं 2022 च्या जानेवारीपासून मेन्यूतून मांस काढलं. आपल्याकडे ही बातमी 'तीन स्टार हॉटेल शाकाहारी झालं' अशी फिरली. मासे आणि शिंपले मात्र तिथं होतेच. तिकडच्या बऱ्याच लोकांच्या लेखी मासा मांसात मोडत नाही. त्यापुढचे छुपे जिन्नस: भाज्यांच्या सूपखाली कोंबडीचा किंवा वासराच्या हाडांचा काढा, गोड पदार्थात जिलेटिन, पास्त्यात आणि पेस्ट्रीत अंडं. पारमेझान चीज तर नियमानुसार वासराच्या पोटातल्या रेनेटनंच विरजतात, आणि बऱ्याच पारंपरिक फ्रेंच चीजांची गोष्टही तीच. जपानमध्ये 'फक्त भाज्या' असलेल्या वाटीतही दाशी असते, म्हणजे बहुधा बोनिटो माशाचा अर्क.

म्हणून 'व्हेजिटेरियन' एवढंच न लिहिता काय चालत नाही त्याची यादी द्या. आईसाठी मी पाठवते ते पत्र साधारण असं असतं: आमच्यातल्या एका व्यक्तीला मांस, कोंबडी, मासे, शिंपले, अंडं आणि यांपैकी कशाचाही काढा किंवा जिलेटिन चालत नाही, दूध, लोणी, क्रीम चालतं, हे पथ्य धार्मिक आणि आयुष्यभराचं आहे, हौसेचं नाही, आपल्याला पूर्ण मेन्यू असा करणं जमेल का? नाही जमलं तर तसं सांगा, आम्ही समजून घेऊ. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण त्यामुळे खरं उत्तर येतं. जैन असाल तर कांदा, लसूण, बटाटा, गाजर यांची नावं एकेक करून लिहा. 'कंदमुळं नको' म्हटलेलं त्यांना कळेल याची खात्री नाही.

उत्तर कसं येतं त्यावरच निवड होते. 'चालेल, शेफ काहीतरी करतील' असं एका ओळीचं आलं तर मी ते नाव खोडते; तिथं मुख्य पदार्थ म्हणून मांसाभोवतीच्याच भाज्या मोठ्या ताटलीत येतात. 'चीजचं काय, मध चालतो का' असे उलट प्रश्न आले, की टेबल तिथंच.

पॅरिसमध्ये या बाबतीत पहिलं नाव आर्पेजचं. र्यू द व्हारेनवर, रोदँ संग्रहालयाच्या जवळ, आलँ पासार यांचं हे रेस्टॉरंट 1986 पासून आहे आणि 1996 पासून तीन स्टारवर. भाजलेल्या मांसासाठी नाव कमावलेल्या या शेफनं 2001 मध्ये लाल मांस बंद करून भाजी मध्यावर आणली, तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं होतं. स्टार राहिले. भाज्या त्यांच्या स्वतःच्या मळ्यांतून येतात. 2025 च्या उन्हाळ्यात त्यांनी मासे, दूध, लोणी, अंडी हेही काढलं. राहिला तो फक्त स्वतःच्या पोळ्यांचा मध. त्या वेळी दुपारचा मेन्यू 260 युरोच्या आणि रात्रीचा 420 च्या घरात होता. महाग आहेच. पण आईसारख्या माणसाला जगातल्या पहिल्या फळीच्या स्वयंपाकघरात 'तुमच्यासाठी वेगळं करू' हे न ऐकता, सगळ्यांसारखं वाढलं जावं, याची ती किंमत.

दुसऱ्या शहरांत जात असाल तर मिलानमधलं जॉया 1989 पासूनचं शाकाहारी, 1996 मध्ये स्टार मिळालेलं, व्हिएन्नात टियान. दुबईला थांबा असेल तर अवतारा संपूर्ण शाकाहारी आणि भारतीय, त्याला 2023 मध्ये स्टार मिळाला. दुबईतल्याच ट्रेसिंड स्टुडिओला 2025 मध्ये तीन स्टार मिळाले. भारतीय जेवण वाढणाऱ्या रेस्टॉरंटला असं जगात पहिल्यांदाच झालं. 'परदेशात जाऊन भारतीय कशाला' हा प्रश्न तिथल्या ताटलीसमोर टिकत नाही.

रंगीत तालीम

जमलं तर जाण्याआधी मुंबईत एकदा टेस्टिंग मेन्यू जेवून या. महालक्ष्मीचं मास्क 2016 पासून हेच करतं आणि त्यांच्याकडे शाकाहारी मेन्यूही असतो. तीन तास बसवतं का, एवढ्याशा घासांनी पोट भरतं का, हे घरच्या भाषेत, घरच्या पैशांत कळतं. भरतं, बरं का. नवव्या कोर्सला मला श्वास घेता येत नव्हता.

बुकिंग

बुकिंगची खिडकी किती दिवस आधी उघडते ते प्रत्येकाच्या साइटवर लिहिलेलं असतं. कुठे तीन आठवडे, कुठे महिना, कुठे तीन महिने. वेळ तिथली असते. पॅरिसचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड, मध्यरात्र म्हणजे पहाटे साडेतीन. टोकियोची मध्यरात्र मात्र आपले रात्रीचे साडेआठ, जेवता जेवता जमतं. पहिल्या पसंतीचं टेबल गेलं तर प्रतीक्षायादीत नाव टाका. आदल्या दोन-तीन दिवसांत बरीच रद्द होतात.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो, तो लवकर करा. व्हिसा हातात येईपर्यंत पूर्ण पैसे आगाऊ घेणाऱ्या जागी बुकिंग करू नका. बहुतेक ठिकाणी कार्डचा नंबर फक्त तारण म्हणून घेतात आणि न सांगता गैरहजर राहिलात किंवा ऐनवेळी रद्द केलंत तर माणशी शंभर-दोनशे युरो कापतात. रद्द करायची शेवटची वेळ वहीत लाल शाईनं लिहा. आपल्या बँका नव्या कार्डावरचे परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंद ठेवूनच देतात. ते आधी चालू करा, नाहीतर टेबल हातातून जाताना फक्त लाल अक्षरं दिसतात.

माझी फजिती याच टप्प्यावर झाली. सगळं नीट ठरलं होतं, पण आदल्या दिवशी खात्री करायला रेस्टॉरंटनं माझ्या भारतातल्या नंबरावर फोन केला, आणि ते सिम मी विमानात बसताना काढून ठेवलं होतं. दोन फोन, एक मेसेज, उत्तर नाही, टेबल दुसऱ्याला. दारात पोचलो तेव्हा वहीत आमचं नाव खोडलेलं होतं. चूक त्यांची म्हणता येत नाही. तेव्हापासून मी बुकिंगमध्येच लिहिते की संपर्क ईमेलवर करा, आणि दोन दिवस आधी स्वतःच पत्र टाकते. पथ्याची यादी त्यात पुन्हा एकदा.

टोकियोत काही लहान, आठ-दहा खुर्च्यांच्या जागा परदेशी माणसाचं थेट बुकिंग घेतच नाहीत. तिथं हॉटेलच्या कन्सिएर्जला, म्हणजे पाहुण्यांची बुकिंगं करून देणाऱ्या माणसाला, सांगावं लागतं, तेही खोली आरक्षित केल्या केल्या. असल्या काउंटरवर सगळ्यांना एकदम वाढायला सुरुवात होते, म्हणून दहा मिनिटांचा उशीरही अपमान ठरतो, आणि अत्तर लावून जाऊ नये. शेजारच्याला भाताचा वास यायला हवा.

कपडे

साडी, रेशमी कुर्ता, साधा बंद गळा, काहीही शोभतं आणि कौतुकच होतं. हाफ पँट, पळायचे बूट, कंबरेला पाऊच नको. राजेशाही हॉटेलांतल्या काही ठिकाणी पुरुषांना जॅकेट लागतं, बुकिंगच्या पत्रात लिहिलेलं असतं.

टेबलावर

बसल्या बसल्या कुणीतरी गाडी ढकलत येतो आणि गोड आवाजात विचारतो, 'अपेरितीफ घेणार?' हे जेवणाआधीचं पेय, पण फुकटचं वेलकम ड्रिंक नाही. शँपेनच्या त्या एका पेल्याला तीस युरो पडू शकतात. 'नाँ, मेर्सी' (नको, आभार) म्हटल्यानं कुणी खालच्या नजरेनं बघत नाही. वाइन न घेणाऱ्यांसाठी आता बऱ्याच जागी फळांच्या रसाची, चहाची, आंबवलेल्या पेयांची जोडी असते. किंमत आधी विचारा. वाइन घ्यायची असेल आणि नावं कळत नसतील, तर यादीत आपल्याला झेपणाऱ्या आकड्यावर बोट ठेवून 'अशा प्रकारची' म्हणा. वाइन सुचवणाऱ्या सोमेलिएला सगळं समजतं आणि पाहुण्यांसमोर आकडा बोलावा लागत नाही. पाणी म्हणून बाटली येते. 'युन काराफ दो' मागितलंत तर नळाच्या पाण्याचा जग येतो, तो फ्रान्समध्ये जेवणासोबत मोफत मिळतो.

मागवलेलं काही यायच्या आधीच दोन-तीन इवलेसे घास येतात आणि कॉफीबरोबर चॉकलेटं, बिस्किटं. हे सगळं मेन्यूच्या किमतीत असतं. पहिल्यांदा आम्ही चौघं त्यांच्याकडे बघत बसलो होतो, हात कुणी लावायचा म्हणून. पाव संपला की पुन्हा येतो. पोळीसारखा आग्रह नाही, पण ताटली रिकामी राहू देत नाहीत. दुसऱ्यांदा घेताना पुढचे सहा कोर्स आठवा. काटे-चमचे बाहेरून आत वापरत जायचं, आणि चुकलंच तर नवा आणून ठेवतात, बोलत नाहीत.

पथ्याचा पदार्थ आला की वाढणाऱ्याला एकदा विचाराच, 'यात अंडं नाही ना?' संकोच नको. तो आत जाऊन विचारून येतो.

बिल

फ्रान्समध्ये किमतीत सेवाशुल्क आणि कर धरलेले असतात. फार खूश असाल तर थोडे युरो ठेवा, नाहीतर काही नाही. लंडनमध्ये साडेबारा टक्क्यांच्या आसपास सेवाशुल्क बिलातच लावलेलं असतं, त्यावर पुन्हा टिप नको. अमेरिकेत 18 ते 20 टक्के द्यावीच लागते. जपानमध्ये टिप देऊ नये, धावत मागे येऊन परत देतात. सिंगापूर आणि बँकॉकच्या मेन्यूत किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर सेवाशुल्क आणि कर वर लागणार, म्हणजे आकड्यात आणखी अठरा-वीस टक्के धरा. कार्ड फिरवताना यंत्र विचारतं, रुपयांत की युरोत? युरोच दाबा. रुपयांचा भाव यंत्रवाल्याच्या सोयीचा असतो.

आणि हे बिल पॅरिसमध्ये आपणहून येत नाही. पाहुण्याला उठवणं तिथं असभ्य मानतात. पहिल्या वेळी कॉफी संपल्यावर आम्ही अर्धा-पाऊण तास वाट बघत बसलो, वेटर अधूनमधून हसून जायचा, आणि आई कुजबुजत होती, 'अगं, विसरले वाटतं, निघूया का हळूच?' मागावं लागतं: 'लादिस्याँ, सिल व्हू प्ले.'